आमच्या खारावल्याचा जर्मन सरपंच

भाव करण्यात माझा हात धरेल असा माणूस वाशीच्या मार्केटात सापडणार नाही. हे मी म्हणत नाही, माझ्यावर खार खाऊन असलेले शेजारचे गाळेवालेच म्हणतात. जुन्नरकडून आलो, दुसऱ्याच्या गाळ्यावर गोणी वाहिल्या, मग बटाट्याचा स्वतःचा गाळा केला, आणि हे सगळं जिभेच्या जोरावर केलं. आग्र्याचा दलाल असो की इंदूरचा, माझ्यासमोर बसला की थोड्या वेळानं पाणी मागतो. अशा मला एकाच माणसानं साफ झोपवलं, आणि त्यानं भाव केलाच नाही. धर्माजी सरपंच. माणूस गेला, माझा राग गेलेला नाही. तरीही कुणी त्याचा विषय काढला की मी हातातला फोन खाली ठेवतो आणि बोलत सुटतो. बायको म्हणते, एवढा राग आहे तर चेहरा का असा खुलतो तुमचा? 

खारावले म्हणजे रबाळ्याच्या पुढे, खाडीकडच्या अंगाचं गाव. आता एका बाजूला कंपन्या, दुसऱ्या बाजूला टॉवर आणि मध्ये हे गाव, एकमेकांच्या अंगावर रेललेल्या तीन-चार मजली घरांचं. गाव महापालिकेत गेलं तेव्हा ग्रामपंचायत बंद झाली. धर्माजी तिचा शेवटचा सरपंच. त्यानंतर गावात नगरसेवक आले आणि गेले, पण ‘सरपंच’ अशी हाक मारली की मान वळायची ती एकट्या धर्माजीचीच.

दिसायला ठेंगणा, काळासावळा, छाती मात्र पेटीसारखी. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, गळ्यात बोटाएवढी जाड सोन्याची साखळी आणि हातात बारा महिने छत्री. ती छत्री त्यानं कधी उघडलेली मी पाहिली नाही. ती दाखवायला होती. कुठलंही गटार, कुठलाही खांब, कुठलाही माणूस तो छत्रीच्या टोकानं दाखवायचा. बोलायला लागला की आवाज चढायचा, श्वास कमी पडायचा, आणि वाक्य संपायच्या आत तो चार पावलं पुढे गेलेला असायचा. ऐकणाऱ्यानं मागे पळायचं.

त्याची माझी ओळख जागेवरून झाली. माल निवडायला आणि साठवायला मला मार्केटच्या बाहेर एक शेड हवी होती, आणि खारावल्याच्या टोकाला त्याची पत्र्याची मोठी शेड रिकामी होती. शेडच्या मागे एक मोकळं मैदान, मैदानाच्या मागे तलाव. भाडं ठरवायला गेलो तेव्हा नेहमीप्रमाणे त्याचा आकडा ऐकून मी हसलो आणि माझा आकडा टाकला. कुठलाही मालक अशा वेळी चिडतो किंवा गयावया करतो. हा म्हणाला, “शेठ, तुमी बटाट्याचं काम करतांव. तुमाना म्हाईत हाय का, बटाटा सडला म्हनून आमच्या एलर्नबाखचं अरधं गाव बोटीत बसून अमेरिकेला गेलं?”

मी विचारलं, एलर्नबाख कुठलं? पनवेलकडचं?

ही माझी चूक. पुढचा सगळा वेळ मी जर्मनीत होतो.

झालं होतं असं. त्याची मुलगी मनीषा नर्स. ती जर्मनीत एका वृद्धाश्रमात नोकरीला लागली, तिथेच संसार थाटला, आणि तिच्या बाळंतपणाच्या वेळी सरपंच आणि सरपंचीणबाई तीन महिने तिच्याकडे जाऊन राहिले. एलर्नबाख हे ते गाव. खारावल्यातल्या दोन आळ्या मिळून जेवढी माणसं होतील तेवढीच त्याची वस्ती. सरपंचीणबाई नातवात रमल्या. सरपंचाला करायला काही नव्हतं. जावयानं किल्ले दाखवतो म्हटलं, नदीतली सफर करू म्हटलं. हा म्हणाला, ते नंतर, आधी मला यांची पंचायत दाखव.

आणि पंचायत होती. हेच तर त्याच्या डोक्यात जाऊन बसलं. दरीत वसलेलं चिमुकलं गाव, दोन ओढे एकत्र येतात त्या बेचक्यात. दोन्ही अंगांना चढ, चढावर झाडी. घरांची छपरं काळ्या पाटीच्या दगडाची, कारण दगड तिथल्याच डोंगरातला. आजूबाजूच्या पंधरा-वीस गावांची मिळून एक मोठी कचेरी, कर आणि दाखले आणि पाणीपट्टी सगळं तिकडे. पण म्हणून गाव बुडवलेलं नाही. गावाला गावाची सभा आहे, निवडून आलेले सभासद आहेत, आणि बिनपगारी सरपंच आहे. पेशानं बसचा मेकॅनिक, क्लाऊस नावाचा. दिवसभर बसखाली झोपतो, संध्याकाळी हात धुऊन गावाचं काम बघतो. चढावरचं जंगल सरकारचं नाही, गावाचं. त्यातलं जळण दरवर्षी चिठ्ठ्या टाकून घराघरांत वाटतात.

“मोठ्या कचेरीत गेलां, तरी गाव हाय,” सरपंच म्हणायचा आणि छत्री जमिनीवर आपटायचा. “आमाना कोनी सांगितलाच नाय का असा पन करता येतं.”

भाड्याचं बोलणं मी तीनदा परत रुळावर आणायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा त्यानं मला तीस वर्षं चाललेल्या युद्धात नेलं, त्यात गावात फक्त बोटांवर मोजण्याइतकी घरं उरली. दुसऱ्यांदा फ्रेंच आले. तिसऱ्यांदा प्रशियाचा राजा यायच्या बेतात होता तेव्हा मी हात जोडले आणि त्याच्या आकड्यावर होय म्हणून टाकलं. घरी येईपर्यंत मला कळलं नव्हतं की मी भाडं एका पैशानंही खाली उतरवलं नाही. पुढेही दरवर्षी करार नवा करायची वेळ आली की मी तयारीनं जायचो आणि दरवर्षी फ्रेंच यायच्या आत शरण यायचो.

जर्मनीहून परतल्यावर लोक चॉकलेटं वाटतात. यानं गावदेवीच्या देवळाशेजारी काचेची पेटी ठोकली. एलर्नबाखमध्ये चौकात तशी पेटी आहे म्हणे, कुलूप लावलेली, आणि पुढच्या सभेत काय बोलणार त्याचा कागद आधी तिच्यात लागतो. न लावलेल्या विषयावर सरपंचालाही बोलता येत नाही. इथे सभाच नव्हती, पण पेटी झाली. पहिल्या दिवशी यानं स्वतःच्या अक्षरात कागद लावला की अमुक आळीचं गटार तुंबलं आहे, गावानं विचार करावा. गाव यायचं, वाचायचं, हसायचं. आठवड्यात कुणीतरी सरपंचाला गोड बोलून चावी घेतली आणि पेटीत स्वतःच्या मुलाच्या हळदीचं आमंत्रण लावलं, बँजो पार्टीच्या नावासकट. सगळ्यांना वाटलं सरपंच आता पेटी फोडेल. तो खूष झाला. म्हणाला, लोकं पेटी बघायला लागली, हे चांगलं लक्षण. मग त्याच कागदाच्या खाली त्यानं लिहिलं की हळदीच्या मांडवाचा रस्ता तुंबलेल्या गटारावरूनच जातो. दोन दिवसांत नवरदेवाचे मित्र फावडी घेऊन गटारात उतरले.

‘जर्मन सरपंच’ हे नाव तेव्हा पडलं. पोरं मागून ओरडायची, तो छत्री उंच करून ते स्वीकारायचा.

त्याची बाकाची गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली आहे की मला ती खोली समोर दिसते. एलर्नबाखची सभा अग्निशमनाची गाडी ठेवतात त्या जागेच्या वरच्या खोलीत भरते. कोणीही जाऊन मागे बसावं, ऐकावं. हा गेला. एक अक्षर कळत नव्हतं. मनीषा, तान्हं पोर मांडीवर, कानात आगरीत सांगत होती. विषय होता चौकातल्या झाडाखालचा एक बाक. तो ओढ्याकडे तोंड करून ठेवायचा की रस्त्याकडे. त्यावर सभासद तावातावानं भांडत होते. मनीषा कंटाळली; हा पुढे सरकून सरकून खुर्चीच्या टोकावर आला. शेवटी गावकऱ्यांचे प्रश्न घेतात ती वेळ झाली, आणि क्लाऊसनं मागे पाहिलं, तर एक हात वर.

“मनीषा बोलली, बाबा, हात खाली करा, आपुन पावने हाव,” सरपंच सांगायचा. “मी उठलू. बोललू, बाकावर बसतं कोन? त्याना इचारलंव का?”

मनीषानं लाजत भाषांतर केलं.  मग कळलं की त्या बाकावर रोज एकच म्हातारी बसते, आणि तिला कुणी विचारलं नव्हतं. क्लाऊसनं तिथूनच तिच्याकडे माणूस पाठवला. म्हातारी म्हणाली, ओढा मी जन्मभर पाहिला, मला बसमधून कोण उतरतं ते बघायचंय. बाक रस्त्याकडे फिरला.

मी व्यापारी माणूस. ऐकलेल्या मालाला मी पैसे देत नाही. मनीषा पुढे एकदा इकडे आली तेव्हा मी तिला बाजूला घेऊन विचारलं, हे खरं का? ती म्हणाली, “खरं हाय काका. फक्त एक सांगत नाय ते. बाकाचं मिटल्यावर बसलेच नाय. खारावल्यात पानी कसं येत नाय ते पन सांगायला लागले, नि सगळी सभा वळून ऐकत व्हती.”

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. आता माझ्या नुकसानीकडे येतो.

माझा व्यवसाय वाढला. ट्रक मोठे झाले, शेडच्या पुढची गल्ली अरुंद पडायला लागली. मागचं मैदान मिळालं तर ट्रक तलावाच्या बाजूनं येऊन सरळ वळतील, हे मला रोज दिसत होतं. ते मैदान कुणाचं? सरपंचाचा चुलतभाऊ काशिनाथ म्हणाला, माझं. आमच्या वडिलांचं शेत तलावापर्यंत होतं. तो विकायला तयार होता, मी घ्यायला. काशिनाथशी भाव करणं म्हणजे लोण्यातून सुरी. आमचं जमलंच होतं. सरपंचाच्या कानावर गेलं तसा तो शेडमध्ये आला आणि छत्रीचं टोक मैदानाकडे करून म्हणाला की ते गावाचं खळं आहे. भात होतं तेव्हा सगळं गाव तिथे झोडणी करायचं. जाळी तिथे सुकायची, लग्नं तिथे लागायची. ते कोणाच्या बापाचं नाही.

मी म्हटलं, कागद दाखवा. कागद नव्हता, त्याच्याकडेही आणि काशिनाथकडेही.

त्यातच खबर आली की गावठाणाची मोजणी व्हायची आहे. जी जागा गाव आपली सामायिक म्हणून जागेवर दाखवील ती सामायिक लागेल. जिचं काही सांगता येणार नाही, ती ज्याच्या वहिवाटीत त्याची. काशिनाथनं लगेच मैदानात चार बांबू रोवून तार ओढली. मला हायसं वाटलं. माझे ट्रक मला त्या मैदानात वळताना दिसायला लागले.

सरपंच दोन दिवस दिसला नाही. तिसऱ्या दिवशी काचेच्या पेटीत कागद लागला: येत्या रविवारी सकाळी सगळ्या गावानं शीव चालायची आहे.

शीव चालायची म्हणजे काय, हे त्यानं मग घरोघरी जाऊन सांगितलं, धापा टाकत. एलर्नबाखमध्ये काही वर्षांनी एकदा अख्खं गाव आपल्या हद्दीवरून चालतं, रानातून, ओढ्यातून, डोंगराच्या कडेनं. पुढे वाजंत्री, मागे खाण्याची गाडी. हद्दीच्या प्रत्येक दगडापाशी थांबतात, आणि गावात नव्यानं आलेल्या माणसाला हातापायांना धरून उचलतात आणि दगडावर धप्पकन बसवतात. ज्याचं बूड दुखलं तो जागा विसरत नाही. कागद जळतो, तो म्हणाला, बूड जळत नाही.

मला वाटलं होतं दहा-बारा रिकामी माणसं जमतील. रविवारी सकाळी मी शेडमध्ये माल निवडून घेत होतो, आणि बँजोचा आवाज आला. बाहेर येऊन बघतो तर गाव लोटलं होतं. बायका ठेवणीतल्या लुगड्यांत, पुरुष पांढऱ्या टोप्यांत, खांद्यावर पोरं. गाव आपल्या हद्दीवरून निघालं होतं आणि हद्द कुठून जात नव्हती? एका कंपनीच्या सायकल-स्टँडमधून गेली. वॉचमननं अडवलं, तर सरपंचानं त्यालाच विचारलं की तू कुठल्या गावचा, तुझ्या गावाची शीव कुठे आहे? वॉचमन बिहारचा. तो भावुक होऊन फाटक उघडून स्वतःच पुढे चालायला लागला. टॉवरवाल्या सोसायटीच्या स्विमिंग पूलच्या कडेनं वरात गेली, तेव्हा सेक्रेटरी टॉवेल गुंडाळून उभा होता. त्याच्या हातात कुणीतरी प्रसाद ठेवला. मीही कधी त्यांच्यात सामील झालो मला कळलं नाही. माझ्या निवडणाऱ्या बायका तर कधीच कामं टाकून पुढे गेल्या होत्या.

सगळ्या बाजूंचे दगड सापडले, कुठे झुडपात, कुठे गटाराच्या कठड्यात बसवलेले. फक्त मैदानाच्या बाजूचा दगड नव्हता. आणि भांडण त्याच दगडाचं होतं. त्या दगडापासून तलावाच्या बाजूची जागा गावाची, अलीकडचं ज्याचं त्याचं शेत. काशिनाथ म्हणाला, दगड तलावाच्या काठावर होता, पाण्यात गेला. सरपंच म्हणाला, दगड मैदानाच्या या कडेला होता, शेडच्या मागच्या भिंतीपाशी, म्हणजे मैदान गावाचं. दोघांच्या मध्ये गाव उभं, बँजो बंद. मी काशिनाथला डोळ्यानं खुणावलं की ठाम राहा.

मग चांगुनाबाय बोलली. गावातली सर्वांत जुनी बाई, पूर्वी नवऱ्याबरोबर खाडीत जाळं टाकायला जाणारी. तिला दोन पोरांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून आणलं होतं. ती म्हणाली, तुम्हाला दगड कसा ठाऊक असणार, तुमच्या बायका मोटारीतून आल्या. तिच्या वेळी नवी नवरी शिवेच्या दगडापाशी गाडीतून उतरायची. दगडावर नारळ फुटायचा, नवरी दगडाला पाय लावून मगच गावात शिरायची. पुढे रस्त्यावर सिमेंटची कमान झाली, वराती मोटारीतून यायला लागल्या, आणि नारळ कमानीपाशी फुटायला लागला. कमान गावाबाहेर हमरस्त्यावर. दगडाकडे कुणी गेलंच नाही.

“मना म्हाईत हाय दगड कुठं,” ती म्हणाली. “मी तवाच खून धरून ठेवलेली.”

खाडीत जाळ्याची जागा कशी शोधतात ते मला तिथे उभं असताना कळलं. पाण्यात खूण करता येत नाही, म्हणून काठावरच्या दोन गोष्टी एका रेषेत धरायच्या. झाडाचा शेंडा आणि मागचा डोंगर, असं. नवरी म्हणून दगडावर पाय ठेवला तेव्हा चांगुनाबायनं सवयीनं तेच केलं होतं. गावदेवीच्या देवळाचा कळस त्या जागेवरून डोंगराच्या खाचेत बरोबर बसतो. कळस तोच होता, डोंगर तोच होता. खाच दोन टॉवरच्या फटीतून अजून दिसत होती.

पोरांनी खुर्ची उचलली. तलावाच्या काठावर नेली. चांगुनाबायनं मान तिरकी करून बघितलं आणि हात हलवला. मागं. खुर्ची मैदानात आली. मागं. अख्खं गाव उलट्या पावलांनी तिच्याबरोबर सरकत होतं. काशिनाथची तार मध्ये आली, ती कुणीतरी पायानं दाबून धरली आणि खुर्ची वरून गेली. काशिनाथचा चेहरा उतरला. मैदान ओलांडून खुर्ची शेडच्या मागच्या भिंतीला टेकली. सरपंचानं छत्री उंच केली. त्यानं सांगितलेली जागा हीच होती. पोरं खुर्ची खाली ठेवणार, तेवढ्यात म्हातारी म्हणाली, “ठेवतांव कशाला? अजून मागं.”

मागे माझी शेड. मागचं दार मी स्वतः उघडलं, का उघडलं देव जाणे. खुर्ची बटाट्याच्या थप्प्यांमधून निघाली, गाव पाठोपाठ. पुढच्या दारातून खुर्ची बाहेर आली, ट्रक चढायला सिमेंटचा उतार केलेला होता त्यावर. चांगुनाबाय वळून बघत होती. पोरं एक पाऊल खाली उतरली.

“हां. हितं.”

मी तिच्या खांद्यामागे वाकून बघितलं. कळस खाचेत बसला होता, चाकात आस बसावा तसा.

उतार फोडायचा नाही, असं मी ओरडून सांगितलं. माझे ट्रक चढणार कसे? सरपंच म्हणाला, उतार मी बांधला, मीच फोडतो. पहार मागवली, शर्ट काढला, साखळी बायकोच्या हातात दिली आणि घाव घालायला लागला. पोरांनी पहार हिसकावून घेतली. सिमेंट निघालं, भराव निघाला, आणि गुडघाभर खाली काळा दगड लागला. डोक्यावर शेंदराचा पुसट डाग आणि भोवती मातीत करवंट्यांचे तुकडे. बायकांनी एकदम हात जोडले.

मी पुढचं सांगतो ते नीट ऐका, कारण माझी बाजू कुणी ऐकत नाही. दगड बघून मी विचारात होतो, तेवढ्यात चौघांनी मला उचललं. नव्यानं आलेला माणूस म्हणजे मीच ना. आरडाओरडा केला, शिव्या दिल्या, आणि धप्प. बँजो वाजायला लागला. उठलो तेव्हा माझं डोकं तापलं होतं, पण जीभ थंड होती. भाव करताना माझं असंच होतं. मला एक गोष्ट दिसली होती जी त्या नाचणाऱ्या गावात कुणाला दिसली नव्हती. मी हात वर करून बँजो थांबवला.

“सरपंच,” मी म्हटलं, “दगड इथं असेल तर मैदान गावाचं, कबूल. पण मग तुमची शेडही गावाची झाली. बघा, विचार करा. म्हातारीची नजर आहे, हाताभर इकडची तिकडे होते.”

हा माझा डाव होता आणि डाव चांगला होता, अजूनही मी तेच म्हणेन. या माणसाचं घर त्या शेडच्या भाड्यावर चालत होतं. तो म्हणणार, हा दगड तो नव्हे. मग ती खूणच खोटी, मग मैदानाचंही काही ठरलं नाही, मग मोजणीच्या दिवशी काशिनाथची तार होतीच. समोरचा कितीही मोठा असो, स्वतःच्या ताटाला हात लागला की तो खाली बसतो. मी यावर सगळं आयुष्य उभं केलंय.

सरपंचीणबाईंनी साखळी मुठीत आवळली. काशिनाथ पहिल्यांदा हसला. सरपंचानं शेडकडे पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, जणू कुणीतरी नवी बांधून दाखवली आहे. घामानं निथळत होता. पुटपुटला, खरंच की.

“गेली मंग,” तो म्हणाला. आणि चुन्याची फक्की घेऊन उभ्या असलेल्या पोराला म्हणाला, “इथनं मार रे लाईन. शेड आत घे.”

संपलं. एवढंच. पुन्हा बँजो सुरू झाला आणि त्या गर्दीत सगळ्यात जास्त कोण नाचलं असेल तर तो.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो आणि मनात होतं ते सगळं बोललो. माणसानं घटकाभर विचार करावा. निदान अर्धी शेड वाचवावी. मी भाडेकरू आहे, माझं काय? तो चहा पीत शांतपणे ऐकत होता, आणि तो शांत आहे म्हणून मी आणखी चिडत होतो. शेवटी म्हणाला, “शेठ, मी क्लाऊसला ईचारलं व्हतं. दगड तुज्याच घरात निघाला तं? त्याना वाटलं मी मस्करी करतंय. बोलला, तं घर चुकीच्या जागी हाय.” मग कप खाली ठेवून हळू आवाजात म्हणाला, “पंचायतीचा शिक्का मी माज्या हातानं सायबाला दिला. तवा सायबानं ईचारलं, गाव कुठपर्यंत हाय? मी हात असा केला, हवेत. मना सांगता आलं नाय. सरपंच व्हतू मी.”

त्याला हळू बोलताना मी तेवढंच एकदा ऐकलं. मी पुन्हा ट्रकचं काढलं.

मोजणीवाले आले. गाव दगडांपाशी उभं राहिलं, पोरं तर दगडांवरच बसली होती. मैदान गावाचं लागलं, शेडची जागाही गावाची लागली. काशिनाथनं तार गुंडाळून नेली. मी शेवटचा प्रयत्न म्हणून गावकीच्या बैठकीत गेलो, शेड मला भाड्यानं ठेवा, भाडं गावाला देतो म्हटलं. चांगला आकडा टाकला.  गावकीनं सांगितलं, आम्हाला भाडं नको, आम्हाला तलाव दिसायला पाहिजे. अशा लोकांशी भाव कसा करणार?

मी नावड्याजवळ दुसरी शेड घेतली. लांब पडते, डिझेल जातं, माणसं टिकत नाहीत. पुढच्या थंडीत मी आग्र्याला खरेदीला गेलो असताना फोन आला की सरपंच गेले, झोपेतच गेले. मनीषाला विमान मिळेपर्यंत वेळ लागला, मी मात्र बटाटा तसाच सोडून परत आलो. दलाल अजून त्या सौद्यावरून मला बोलतो.

पण मी त्याला शेवटचा पाहिला तो शेड रिकामी केली त्या दिवशी. जागा गावाची, पण पत्रे आणि लोखंड सरपंचाचं, तेव्हा ते उतरवायचं काम चालू होतं. माझा शेवटचा ट्रक गल्लीत लागला होता. आवाज आला म्हणून वर बघतो तर हा स्वतः छपरावर, सत्तरी उलटलेला माणूस, लुंगी खोचून, पान्यानं नट सोडवतोय. खाली कामगार हताश होऊन उभे. मी ओरडलो की पडाल, खाली या. त्यानं ऐकलं नाही. मागचे पत्रे निघाले होते, पुढचे निघत होते, आणि तो मधल्या तुळईवर ताठ उभा राहिला. तिथून त्याला बहुधा एकाच वेळी सगळं दिसलं असावं, तलाव, मैदान, देऊळ, खाडीकडचा बांध.

“शेठ,” वरून हाक आली, “वर या. सगला दिसतंय.”

ट्रक सुटायला उशीर होत होता. ड्रायव्हर हॉर्न देत होता. मी खालूनच हात हलवला. तो थांबला नाही. एक हात सरळ लांब करून तो तुळईवर हळूहळू गोल फिरायला लागला आणि मोठमोठ्यानं सांगायला लागला, गाव इथपर्यंत, मग इथपर्यंत, मग तिकडून असं वळतं. मी ट्रकच्या पायरीवर एक पाय ठेवून उभा होतो. हॉर्न वाजत होता. तो पूर्ण फिरून पुन्हा माझ्याकडे तोंड करून येईपर्यंत मी तसाच उभा राहिलो.